दहा महिन्यांची भिंगरी अचानक लिफ्टला, रेनकोटला, ताडपत्रीला घाबरायला लागली आहे

गोधडी
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते आहे, आज मदतीसाठी धागा काढते आहे.

आमची कुत्री भिंगरी गावठी, म्हणजे अस्सल मुंबईकर. नायगावच्या एका गॅरेजमध्ये जन्मलेली, दोन महिन्यांची असताना आमच्याकडे आली. आता दहा महिन्यांची आहे. आम्ही परळला सहाव्या मजल्यावर राहतो. आजवर हिला कशाचीच भीती नव्हती. केईएमच्या बाजूच्या ॲम्ब्युलन्स, पुलाखालचे हॉर्न, भाजीच्या हातगाड्या या सगळ्यातून शेपूट उंच करून चालायची.

गेल्या काही दिवसांत मात्र कुणीतरी दुसरंच कुत्रं घरात आणून ठेवावं असं झालंय. लिफ्टचं दार उघडलं की चारही पाय रोवते, कितीही पुचकारलं तरी आत येत नाही. आमच्या वॉचमनकाकांवर तिचा एवढा जीव, पण परवा ते रेनकोटची टोपी चढवून समोर आले तर इतकी भुंकली आणि अशी मागे सरकली की गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटायचाच बाकी होता. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पावसाळ्याची निळी ताडपत्री बांधली आहे. तिचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडतं. ते दिसलं की ही फुटपाथवरच थिजते. ही ताडपत्री जूनपासून तिथेच आहे!

घरात आली की पहिल्यासारखी असते. जेवते, खेळते, माझ्या भाच्याच्या चपला पळवते. सासूबाईंनी दोनदा मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, त्यांचा फार जीव आहे तिच्यावर. माझी खरी काळजी पुढची आहे. गणपती तोंडावर आले आहेत आणि आमच्या भागात आगमनाच्या मिरवणुका शनिवार-रविवारी चालूच असतात. तिला बाहेर नेऊन सवय करावी की घरातच ठेवावं? हे कायमचं राहील का?

कोकणकडा
रविवार, रात्री १०:१५

गोधडी, आधी एक सांगतो, तुम्ही एकट्या नाही. आमचा लॅब्राडोर साधारण याच वयात कचऱ्याच्या काळ्या पिशवीला घाबरायला लागला होता. डोंबिवलीत सकाळी प्रत्येक गेटबाहेर काळी पिशवी असते, म्हणजे आमची काय अवस्था झाली असेल बघा. नंतर आपोआप कमी झालं. वयाचा भाग असतो. फक्त ओढू नका, एवढंच सांगेन. बाकी जाणकार सांगतीलच.

नाना_गिरगावकर
रविवार, रात्री १०:५२

मी चाळीस वर्षं कुत्री पाळली. डॉबरमन, अल्सेशियन, गावठी, सगळी. आमच्या वेळी हे असले टप्पे वगैरे नव्हते. कुत्रं ज्याला घाबरतं त्याच्यासमोर पट्टा घट्ट धरून शांत उभं राहायचं. थोड्या वेळात त्याला कळतं की काही होत नाही. आणि घाबरल्यावर कुरवाळू नका. त्याला वाटतं घाबरल्याबद्दल शाबासकी मिळाली, मग भीती पक्की होते. तुमच्या भिंगरीला लाडाची नाही, शिस्तीची गरज आहे. राग मानू नये.

रानवारा
सोमवार, सकाळी ७:२०

मी पश्चिम उपनगरात कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. रोज असे फोन येतात आणि त्यातले बरेचसे सहा ते चौदा महिन्यांच्या कुत्र्यांबद्दल असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत एक काळ असतो. त्यात ते जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याला आपल्या जगाचा भाग वाटायला लागतं. अमेरिकेत बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली ते प्रसिद्ध झालं. भिंगरीचा हा काळ गॅरेजमध्ये आणि तुमच्या घरी गेला, आणि चांगला गेला असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. वयात येताना भीतीची दुसरी लाट येते. कधी एकदा येते, कधी ओसरून परत येते. तिचं ठरलेलं वेळापत्रक नाही. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत उशिरा येते असा अनुभव आहे. या दुसऱ्या लाटेवर पहिलीइतकं शास्त्रीय काम झालेलं नाही. आपल्याला जे माहीत आहे ते बरंचसं कुत्री वाढवणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या निरीक्षणातून आलेलं आहे. पण वयात येताना वागणं बदलतं हे मोजलं गेलंय. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने २०२० साली दाखवलं की आठ महिन्यांची कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचं 'बस' पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. म्हणजे ही कुत्री शिकलेलं विसरलेली नसतात. घरच्या माणसाशी असलेलं नातं त्या वयात ढवळून निघत असतं.

आता भिंगरीचं. ताडपत्री जूनपासून होती, पण ती दिसणारं डोकं बदललं आहे. आधी जे नुसतं दिसत होतं त्याचा अर्थ ती आता नव्याने लावते आहे. आणि भीती साचत जाते. गॅसवर ठेवलेल्या दुधासारखं असतं ते. सकाळी लिफ्टने थोडं तापलं, गेटवर रेनकोटने आणखी, मग ताडपत्रीशी उतू गेलं. आपल्याला वाटतं ताडपत्रीला घाबरली. म्हणून पहिली गोष्ट, दोन-तीन दिवस तिला कुठेही 'सवय करायला' नेऊ नका. शी-शूपुरतं, गर्दी नसताना, सगळ्यात कमी त्रासाच्या रस्त्याने न्या आणि परत आणा. उतरताना लिफ्ट नको, जिने वापरा. तेवढ्या दिवसांत घरात हुंगायचं काम भरपूर द्या. जुना टॉवेल गुंडाळून त्यात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे लपवा, सोफ्याखाली, दाराआड ठेवा. हुंगण्याच्या खेळांनी कुत्र्यांचा नव्या गोष्टीकडे बघण्याचा कल जास्त आशावादी होतो, असं २०१९ सालच्या एका अभ्यासात दिसलंय, आणि माझ्या रोजच्या कामातही मी ते बघतो.

त्यानंतरच्या कामाचं मूळ अंतरात आहे. ताडपत्री दिसते, पण भिंगरी अजून तुमच्या हातून हळुवार चिकन खाते, एवढं अंतर शोधा. ती खायचं नाकारत असेल किंवा बोटं चावतील इतक्या घाईने हिसकावत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. मागे या. अंतर सापडलं की क्रम पाळा: आधी तिला ताडपत्री दिसू दे, मग चिकन. ताडपत्री नजरेआड झाली की चिकन बंद. उलटं कधीच करू नका. चिकन दाखवत दाखवत तिला भीतीच्या वस्तूकडे नेलं तर काही दिवसांत ती चिकनकडेच संशयाने बघेल. हे मी बघितलंय, आणि मग हातातलं सगळ्यात चांगलं साधन जातं.

रेनकोट घरी आणा. जमिनीवर नुसता पसरून ठेवा, आजूबाजूला तुकडे टाका आणि तुम्ही तुमच्या कामाला लागा. जायचं की नाही हे तिने ठरवायचं. मग खुर्चीवर टांगा. मग तुमच्यापैकी कुणीतरी तिच्यासमोरच तो अंगात घाला, टोपी सगळ्यात शेवटी. वॉचमनकाकांना सांगा की टोपी मागे सारून, आधी बोलून आवाज ऐकवायचा, तोंड थोडं बाजूला करून उभं राहायचं, तिच्यावर वाकायचं नाही. त्यांनी तुकडा हातातून न देता तिच्या मागच्या बाजूला टाकावा. म्हणजे खाण्यासाठी ती त्यांच्यापासून दूर जाते, सुटकेचा श्वास घेते आणि वाटलं तर स्वतः परत येते. हातातून दिलं की भुकेपोटी पुढे येते, आणि खाऊन झाल्यावर आपण किती जवळ आलो हे कळून दचकते.

आणि आजच्या आज करायची गोष्ट: पट्टा निसटतो आहे. छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हीला दोरी जोडा. घाबरलेलं कुत्रं उलटं मागे सरकलं की साधा पट्टा टिकत नाही.

रानवारा
सोमवार, सकाळी ७:४५

नानांसाठी वेगळं लिहितो, कारण त्यांचा मुद्दा पुष्कळांच्या मनात असतो.

नाना, कुत्रं पळता येत नाही म्हणून गप्प उभं राहतं तेव्हा ते शिकलेलं असेलच असं नाही. पुष्कळदा ते हार मानून आत मिटलेलं असतं. ओठ चाटणं, डोळ्यांची पांढरी कडा दिसणं, शेपूट पोटाशी, अवेळी जांभया, गारव्यात धापा, ही चिन्हं तेव्हाही चालू असतात. कुरवाळण्याबद्दल म्हणाल तर भीती ही भावना आहे, 'बस' किंवा 'ये'सारखी शिकवलेली कृती नाही. ती कुरवाळून वाढत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधक स्टेफानी रीमर यांनी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली होती, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. फटाका वाजला की लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी बहुतेकांना फरक जाणवला होता. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. धाकदपटशा आणि झटके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त होती आणि त्यानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलं होतं.

शिस्तीचं तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे, त्याची जागा तेवढी वेगळी आहे. जेवणाची वेळ, झोपेची वेळ, दारात थांबणं, हाक मारली की येणं हे या वयात ढिलं पडू देऊ नये. ठरलेला दिनक्रम घाबरलेल्या कुत्र्याला आधार देतो.

पशुवैद्य_ठाणे
सोमवार, दुपारी २:०५

वर रानवारा यांनी लिहिलंय त्यात माझी एक भर, आणि ती सगळ्यात आधी करावी अशी माझी विनंती आहे. वागण्यात अचानक बदल झाला की 'वय आहे' म्हणण्यापूर्वी तपासणी करून घ्या.

पावसाळ्यात मुंबईत कानाचा संसर्ग फार बघायला मिळतो. दुखऱ्या कानाला लिफ्टच्या जाळीचा खणखणाट कसा वाटत असेल, कल्पना करा. गोचिडांपासून होणारा ताप, पोटदुखी, पायाची मोच यांतूनही कुत्रं चिडकं किंवा भित्रं होतं. कोकणकडा यांच्या लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातींत साधारण पाच ते अठरा महिन्यांत वाढीच्या वयातली हाडं दुखण्याचा विकार होतो, आज एक पाय तर पुढच्या आठवड्यात दुसरा. नितंबाचा सांधा नीट बसत नसेल तर गुळगुळीत फरशीवर घसरणं किंवा लिफ्टचा हिसका दुखतो, आणि मग कुत्रं त्या जागेलाच घाबरायला लागतं. आवाजाची भीती आणि स्नायू-सांध्यांचं दुखणं यांचा संबंध २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आला आहे. दुखणं असलेल्या कुत्र्यांत ही भीती उशिराच्या वयात सुरू झाली होती आणि एका जागेवरून दुसऱ्या जागांवर पसरलीही होती.

भिंगरी मादी आहे. पहिला हीट, म्हणजे माजावर येणं, साधारण सहा ते बारा महिन्यांत येतो, त्याच्या आगेमागे स्वभावात फरक पडू शकतो. नसबंदी करायची असेल तर जरूर करा, पण या भीतीच्या ऐन भरात घाईने नको. तुमच्या डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा.

तुम्ही परळला आहात, म्हणजे १८८६ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि प्राण्यांचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, दोन्ही हाकेच्या अंतरावर. गर्दीच्या वेळा टाळून जा. आपला नंबर येईपर्यंत भिंगरीला बाहेर, दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा.

औषधांबद्दल कळकळीने सांगतो. मिरवणुकीसाठी म्हणून घरातली माणसांची झोपेची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात. पूर्वी सर्रास एसीप्रोमझिन हे गुंगीचं औषध दिलं जायचं. त्याने शरीर सुस्त होतं, पण भीती जात नाही. कुत्र्याला ऐकू सगळं येतं, हलता मात्र येत नाही. भीती कमी करणारी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांनी वजन बघून द्यायची आणि मिरवणुकीच्या दिवसाआधी एकदा घरी देऊन बघायची.

सातवा_मजला
सोमवार, रात्री ९:१०

मी कुत्रा पाळत नाही, उलट मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी चावलं होतं. तेव्हा पोटात इंजेक्शनं घ्यावी लागायची, ते अजून आठवतं. हा धागा वाचताना पहिल्यांदाच मनात आलं की लिफ्टमध्ये समोरचं कुत्रंही घाबरलेलं असू शकतं.

आमच्या सोसायटीत तीन कुत्री आहेत. लिफ्टमध्ये कुत्रं आलं की मी कोपऱ्यात भिंतीला चिकटतो आणि नजर त्याच्यावरच ठेवतो. याने बिघडतं का? मी काय करावं?

गोधडी
सोमवार, रात्री ९:३५

सातवा मजला, तुम्ही हे विचारलंत यासाठी मनापासून आभार. आमच्याही इमारतीत घाबरणाऱ्या एक काकू आहेत. आम्ही दोघींनी आपसात ठरवलं आहे, त्या लिफ्टशी असतील तर मी भिंगरीला घेऊन मागे थांबते, पुढच्या फेरीला जाते. तुम्हीही मोकळेपणाने सांगा, 'मी आधी जातो, तुम्ही नंतर या.' कुणी चांगला मालक असेल तर त्याला वाईट वाटणार नाही.

रानवारा
सोमवार, रात्री ९:५८

नजर हेच कारण असतं पुष्कळदा. टक लावून बघणं कुत्र्याला धमकीसारखं वाटतं. मजल्यांच्या आकड्यांकडे बघा, अंग थोडं वळवून उभे राहा, हात खाली सैल सोडा. पाय आपटू नका, एकदम हात वर घेऊ नका. एवढ्याने दोघांचंही काम सोपं होतं.

कोकणकडा
सोमवार, रात्री १०:२०

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर नियमाचं सांगतो, कारण सोसायट्यांत यावरून भांडणं होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही आणि तोंडाला जाळी बांधण्याची सक्तीही करता येत नाही. पट्टा बांधून न्या असं मात्र सोसायटी सांगू शकते. पण हक्क आहे म्हणून घाबरलेल्या कुत्र्याला भरलेल्या लिफ्टमध्ये कोंबू नये. रिकामी लिफ्ट येईपर्यंत थांबणं हे त्याच्यासाठीच आहे.

मीठभाकर
मंगळवार, सकाळी ६:५०

मी लालबाग-परळ पट्ट्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालते, त्यांच्या लसी आणि नसबंदीसाठीही धावपळ करते. गोधडी, तुमचा भाग मला रस्तान् रस्ता माहीत आहे.

आगमनाच्या मिरवणुका आपल्याकडे इतक्या का, तर मोठ्या मूर्तींच्या कार्यशाळाच इथे आहेत. मूर्ती इथूनच निघतात, त्यामुळे ज्या मंडळांचा गणपती दुसऱ्या उपनगरात बसतो त्यांचेही ढोल-ताशे आपल्याच दारात वाजतात. दुपारनंतर सुरू होतात, रात्रीपर्यंत चालतात. नियमाने रात्री दहाला वाद्यं थांबायला हवीत, पण तोवरचे तास भिंगरीला काढायचे आहेतच. मंडळांचे कार्यक्रम आधीच जाहीर होतात. शनिवार-रविवारच्या तारखा काढून कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी दुपारी उशिरात उशिरा तीनपर्यंत तिचं फिरणं उरका. मिरवणुकीत 'सवय व्हावी' म्हणून तिला अजिबात नेऊ नका. दरवर्षी या दिवसांत घाबरून पळालेली पाळीव कुत्री आम्ही शोधत असतो. काही दोन-दोन स्टेशनं लांब सापडतात, काही सापडत नाहीत. गळ्यात फोन नंबरची पट्टी घरातही ठेवा. पाहुणे येतात, दार उघडं राहतं. जमलं तर कातडीखालची ओळखीची मायक्रोचिपही बसवून घ्या. पंधरा आकडी क्रमांक असतो, तो तुमच्या नावाने नोंदवायला विसरू नका, नाहीतर चिप असून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट मला सतावते आहे. गेटवरची रस्त्यावरची कुत्री हल्ली भिंगरीशी कशी वागतात? लहान होती तोवर ती तिला पिल्लू म्हणून सोडून देत असतील. दहा महिन्यांची मादी म्हणजे त्यांच्या लेखी आता मोठी झाली. एखादीने दात दाखवले असतील आणि तुमच्या लक्षातही आलं नसेल, तर गेट ही जागाच तिला नकोशी होईल. लिफ्ट गेटकडे नेते, म्हणून लिफ्टही नको. नीट बघा एकदा.

गोधडी
मंगळवार, रात्री ११:०५

मीठभाकर, तुमचं वाचून आज मुद्दाम खिडकीतून बघत उभी राहिले. गेटजवळची पांढरी कुत्री खरंच भिंगरी दिसली की मान खाली घालून, अंग ताठ करून उभी राहते. भुंकत नाही, म्हणून आमच्यापैकी कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. उद्यापासून मागच्या पार्किंगच्या दाराने नेणार आहोत.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजव्या कानात संसर्ग निघाला! थेंब दिले आहेत. सांधे, पाय व्यवस्थित आहेत. मिरवणुकीसाठी भीती कमी करणारं औषध लिहून दिलं आहे आणि एका शांत दिवशी आधी देऊन बघायला सांगितलं आहे, ठाणेकर डॉक्टरांनी इथे सांगितलं तसंच.

एक विचारायचं होतं. घरात मोबाइलवर ढोलाचा आवाज लावून आतापासून सवय करावी का?

रानवारा
बुधवार, सकाळी ७:१०

आत्ता नको. दोन कारणं आहेत. एक, कान दुखतो आहे. दुसरं, हे काम हळूहळू, कित्येक आठवडे करायचं असतं आणि मिरवणूक येत्या शनिवारी आहे. अर्धवट सवयीवर खरा ढोल आदळला तर केलेलं वाया जातं. शिवाय मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्जातला दणका निघतच नाही, फक्त ताशाची तडतड ऐकू येते. भिंती-फरशीतून छातीत जाणवतो तो दणकाच कुत्र्यांना जास्त नकोसा असतो. गणपतीनंतर कान बरा झाला की मोठ्या स्पीकरवर, अगदी ऐकू येईल न येईल इतक्या हळू आवाजापासून, तिच्या जेवणाच्या वेळी सुरू करा.

शनिवारसाठी घरातली सगळ्यात आतली जागा निवडा. परळच्या घरांत ती पुष्कळदा बाथरूम किंवा पॅसेज असते. तिथे तिचं अंथरूण आजपासूनच टाका, खाऊ तिथेच द्या, म्हणजे शनिवारी ती जागा नवी नसेल. खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा, टीव्ही साध्या आवाजात. दार उघडं ठेवा, कोंडू नका. तुमच्यापाशी आली तर जवळ घ्या, नाही आली तर शोधत जाऊ नका. कुत्र्यांना आपल्यापेक्षा हळू आणि लांबचे आवाज ऐकू येतात, त्यामुळे मिरवणूक तुमच्या कानांनी गेल्यावरही तिच्यासाठी काही वेळ चालूच असते. लगेच बाहेर काढू नका.

नाना_गिरगावकर
बुधवार, सकाळी ११:३०

रानवारा, पोर्तुगालचं आणि बर्नचं वाचलं. माझी पद्धत आमच्या डॉबरमनला लागू पडली होती हे मी अजूनही म्हणेन. पण पळता न आल्याने गप्प होणं आणि शांत होणं यांतला फरक कसा ओळखायचा, ते नीट सांगा. माझ्या नातवाने पिल्लू घेतलंय, त्याला शिकवायचं आहे.

रानवारा
बुधवार, दुपारी १:१५

नाना, चांगला प्रश्न. शांत झालेलं कुत्रं आजूबाजूला हुंगतं, अंग मऊ असतं, तोंड किंचित उघडं असतं, हाक मारली की कान वळतो, खाऊ घेतं. मिटलेलं कुत्रं पुतळ्यासारखं उभं राहतं, तोंड घट्ट मिटतं, खाऊ नाकारतं, आणि तिथून हललं की अंग जोरात झटकतं. सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे पट्टा पूर्ण सैल सोडा. शांत असेल तर तिथेच रेंगाळेल. नसेल तर सरळ उलट्या दिशेने निघेल. नातवाचं पिल्लू आल्यापासूनच त्याला हा सैल पट्टा द्या.

गोधडी
रविवार, दुपारी ४:४५

कळवायचं राहिलं होतं. शनिवारची मिरवणूक पार पडली. दुपारी अडीचलाच फिरवून आणली. औषध ठरल्या वेळी दिलं. ढोल सुरू झाल्यावर बाथरूममधल्या अंथरुणावर जाऊन बसली. थरथरली, पण यंदाच्या दहीहंडीला कपाटामागे घुसली होती तसं काही झालं नाही. सासूबाई तिच्याजवळ जमिनीवर बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या, रोजच्याच चालीत. रोज ऐकत असल्यामुळे तिला तो आवाज ओळखीचा आहे. रात्री उशिरा जेवली, पण जेवली. आधी खाली जाऊन मी मंडळाच्या पोरांना भेटले होते. आमच्या गेटसमोर थांबून वाजवू नका, थोडं पुढे थांबा असं सांगितलं. ऐकलं त्यांनी. एकाने तर 'ताई, आमच्याकडे पण आहे एक' म्हणून फोटो दाखवला.

लिफ्टमध्ये अजून येत नाही. लिफ्ट थांबवून दार उघडं ठेवतो, बाहेर पॅसेजमध्ये तिची चटई टाकतो, तिथे बसून खाते. काल पुढचे दोन पाय आत टाकले आणि स्वतःच मागे घेतले. आम्ही काहीच बोललो नाही, तेवढ्यावरच थांबलो. रेनकोट आता खुर्चीवर टांगलेला चालतो, अंगात घातलेला चालत नाही. ताडपत्री रस्त्याच्या पलीकडून चालते.

अडचण अशी की मागच्या दाराने निघाल्यावर आमच्याकडे मोकळी, हुंगायला झाडंमाती असलेली जागा नाही. सकाळी लवकर, वर्दळ नसताना नेण्याजोगं जवळपास काही आहे का?

मीठभाकर
रविवार, संध्याकाळी ५:२०

माटुंग्याला फाइव्ह गार्डन्सच्या बाहेरचा झाडांचा रस्ता. सहाच्या आत गेलात तर चालायला येणारे थोडेच असतात. दोरी लांब द्या आणि तिला हवं तिथे नाक घालून थांबू द्या. टॅक्सीत बसते ना? नसेल तर आधी उभ्या गाडीत बसवून खायला घाला. माझी म्हातारी कुत्री अगदी शांत आहे, दुसऱ्यांच्या अंगावर जात नाही. हवं असेल तर पुढच्या रविवारी तिला घेऊन येते, लांबून समांतर चालू, भेट घडवायची घाई नको.

गोधडी
रविवार, संध्याकाळी ५:३२

टॅक्सीत आनंदाने बसते, खिडकी तेवढी हवी. पुढच्या रविवारी पावणेसहाला नक्की. कानाच्या थेंबांचा कोर्सही तोवर संपेल.